मोर सर

रूपर्ट परेरांना परळच्या निम्म्या गल्ल्या ‘मोर सर’ म्हणूनच ओळखायच्या. पिसाऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. सर काटकुळे, खांद्यात थोडे वाकलेले, बारा महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारे. चर्चच्या मराठी शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला, आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला ते पुस्तक मिटून ठेवायचे. त्या तासाला वर्गात लांबलांबची माणसं यायची. विषाचा पेला शांतपणे तोंडाला लावणारा सॉक्रेटिस यायचा, राजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणारा क्रॉमवेल यायचा, हेस्टिंग्जवर दिवसचे दिवस पार्लमेंटात तोफ डागणारा बर्क यायचा, लिंकन यायचा. पण सरांचा जीव जडला होता तो थॉमस मोरवर. मोर हे नाव ऐकून पोरं खिदळायची, सर खिदळू द्यायचे, आणि मग हळूच आवाज खाली आणायचे.

“इंग्लंडचा चॅन्सलर होता. राजाच्या खालोखाल. राजाला दुसरं लग्न करायचं होतं, पोप परवानगी देईना, तेव्हा राजा म्हणाला, चर्चचा मालक मीच. सगळ्यांनी शपथ घेतली. बिशपांनी घेतली, सरदारांनी घेतली. मोर म्हणाला, मी घेणार नाही. राजाला शिव्या दिल्या नाहीत, बंड केलं नाही. गप्प बसला फक्त. त्या गप्प बसण्यासाठी त्याला किल्ल्यात कोंडलं आणि वर्षभरानं मान उडवली. ठोकळ्यावर डोकं ठेवताना त्यानं दाढी बाजूला सारली. म्हणाला, हिनं काही राजद्रोह केलेला नाही.”

हे सांगताना सर स्वतःच्या नसलेल्या दाढीवरून हात फिरवायचे. एका वर्षी सम्यक नावाचा मुलगा मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, “सर, पण या मोरनं स्वतः चॅन्सलर असताना धर्माच्या नावावर माणसं जाळली होती ना? लायब्ररीतल्या पुस्तकात आहे.” सर गडबडले. “हो. तेही खरं आहे,” एवढंच म्हणाले. पण तो मुलगा त्यांच्या लक्षात राहिला. पुढे तो एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागला, आणि त्याची आई मालन तर सरांच्या घरचीच झाली.

सर आणि त्यांची बायको पर्पेच्युआ मिस्किटा चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मूलबाळ नव्हतं. चाळीच्या मागे बैठ्या खोल्यांची एक ओळ होती, तिथे मालन राहायची. नवरा गेल्यावर तिनं पोळी-भाजीचा धंदा उभा केला होता. जुन्या गिरणीच्या जागेवर झालेल्या काचेच्या इमारतींमधली माणसं तिचे डबे खायची. पर्पेच्युआची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, तेव्हा भाजी दोनदा उकळून पाणी फेकून द्यायचं, मीठ घालायचं नाही, हे सरांच्या आधी मालननं शिकून घेतलं. डबा घेऊन वर यायची, पर्पेच्युआचे विरळ केस विंचरायची आणि दोघी तासन्‌तास कुणाकुणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसायच्या.

“पर्पीबाय, तुमचा मोर आज काय म्हणतो?” ती सरांसमोरच विचारायची.

“नाचायचा थांबलाय,” पर्पेच्युआ म्हणायची. “पाय दुखतात त्याचे.”

पर्पेच्युआला जिना उतरता येत नव्हता. लाकडी जिना, अरुंद, मध्ये एक वळण. चाळीतल्या मंडळाची चार पोरं येऊन तिला खुर्चीत बसवून खाली न्यायची आणि दुपारी तशीच वर आणायची. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या कमलाबाईंचा धाकटा मुलगा पुढे, बाकीचे मागे. “मॅडम, सीट बेल्ट लावला?” असं विचारत ती खुर्ची उचलायची. सर मागून औषधांची पिशवी घेऊन उतरायचे.

बैठ्या खोल्यांच्या पाठीशी एक जुनी चाळ होती ती पाडून तिथे टॉवरचं काम निघालं. मिस्किटा चाळही त्याच बिल्डरकडे जायची होती, सगळ्यांनी संमती दिली होती, फक्त त्यांची पाळी दुसऱ्या टप्प्यात होती. लोक आशेवर होते. खोदकाम खोल गेलं, यंत्रं सकाळपासून जमिनीत खांब ठोकू लागली, भांडी मांडणीवर थरथरायची. मध्ये एक उंच दगडी भिंत तेवढी उरली होती, आणि तिच्या अलीकडे मालनची खोली.

श्रावणातल्या एका शनिवारी मालननं सरांना खालून हाक मारली. “सर, जरा खाली या. हे बघा तुम्ही.”

सर उतरले. तिनं न्हाणीच्या मागे नेऊन बोट दाखवलं. “भिंतीला पोट सुटलंय.”

खरंच सुटलं होतं. मधले दगड पुढे आले होते आणि सांध्यांतून ओली माती सुटत होती. तेवढ्यात साइटवरचा इंजिनिअर पत्र्याच्या फटीतून दिसला, कोवळा पोरगा, पिवळं हेल्मेट घातलेला. मालननं त्याला गाठलं. ती आवाज चढवूनच बोलली, आणि मग सरही बोलले.

“अहो, खाली माणसं राहतात. यंत्र थांबवा आधी.”

“सर, वर कळवलंय मी,” पोरगा म्हणाला. घामाघूम झाला होता. “सोमवारी बघायला येतायत. आज मी काम बंद केलं तर साहेब मला बंद करतील.”

“सोमवार म्हणजे सोमवार ना?”

“हो सर. नक्की.”

सर मालनकडे वळले. “सोमवारी येतायत म्हणतो.”

“तुमच्यापुढे बोलला म्हणजे येतील,” ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला आत गेली.

रविवारी सर मिसाहून परतत होते. हातात पाव होते. जिन्याच्या वळणावर असताना पायाखालची फळी हलली आणि मागून असा आवाज आला की कुणी दगडांचा ट्रक घरात ओतला असावा. धूळ जिन्यातून वर आली. सर मागच्या गॅलरीत धावले तेव्हा बैठ्या खोल्यांची ओळ मधोमध दिसेनाशी झाली होती. मालन कणीक मळत होती. परातीसकट काढली तिला. भिंतीच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये झोपलेले दोन मजूरही गेले. त्यांची पूर्ण नावं मुकादमालाही सांगता येईनात. सम्यक हॉस्पिटलात ड्यूटीवर होता. त्याच हॉस्पिटलात आईला आणलं, म्हणून त्याला बातमी सांगायला कुणाला जावं लागलं नाही.

मालनच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर सम्यक सरांकडे आला. डोळे कोरडे होते. पर्पेच्युआ त्याचा हात धरून रडली, तो तिला थोपटत राहिला. मग सरांना म्हणाला, “सर, बिल्डर म्हणतोय जुना पाइप फुटला, पाणी मुरलं म्हणून भिंत पडली. आधी कुणी तक्रारच केली नव्हती म्हणतो. तो इंजिनिअर आता सुरतेच्या साइटवर आहे, फोन उचलत नाही. मजूर गावी गेले. पण आईनं शनिवारी मला सांगितलं होतं, मोर सरही बोलले त्याच्याशी.”

“बोललो होतो.”

“चौकशी बसलीय. तुम्हाला बोलावतील. सांगाल ना?”

सरांना तो प्रश्न थोडा लागलाच. “सम्यक, वर्गात मी तुम्हाला कोणाची गोष्ट सांगायचो?”

“म्हणूनच तुमच्याकडे आलो, सर,” सम्यक म्हणाला.

तो गेल्यावर पर्पेच्युआ म्हणाली, “सगळं सांग. इंजिनिअर काय म्हणाला तेसुद्धा.”

“सांगणार तर.”

त्या आठवड्यात सर ताठ चालत होते. दुःख होतं, मालनची हाक रोज कानात यायची, पण आत कुठेतरी असंही वाटत होतं की आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा शिकवल्या, आता आपली आली आहे, आणि आपल्याला उत्तर पाठ आहे.

मग सुशांत आला. सुशांतही सरांचाच विद्यार्थी, वर्गाचा मॉनिटर होता. आता गळ्यात जाड साखळी, मागे दोन माणसं, येत्या निवडणुकीत तिकीट मिळणार अशी बोलवा. बिल्डरचं चाळीतलं सगळं काम तोच बघायचा. चपला बाहेर काढून आत आला, सरांच्या पाया पडला, पर्पेच्युआच्या पाया पडला.

“सर, मालनमावशी माझ्या आईसारखी होती. लहानपणी तिच्या हातच्या पोळ्या खाल्ल्यात. वाईट झालं, खूप वाईट झालं.”

“मग सांग ना तसं चौकशीत.”

“सर, मी सांगितल्यानं मावशी परत येणार आहे का?” तो खाली चटईवर बसला. “तुम्ही इतिहास शिकवलात आम्हाला, तुम्हाला मी काय सांगू. पण हिशोब बघा ना. चौकशीत बिल्डर अडकला की काम बंद. स्टे आला की पाच वर्षं, सात वर्षं. ही चाळ तोवर उभी राहील? वर लिफ्ट होणार होती, सर. मॅडमसाठी मी मुद्दाम तिसरा मजला धरून ठेवलाय तुमचा.”

“म्हणजे मी खोटं बोलू?”

“अरे देवा, सर! खोटं कोण बोला म्हणतंय? आठवत नाही म्हणा. या वयात माणूस विसरतोच की. माझा बाप माझं नाव विसरतो.”

सर उठून उभे राहिले. “सुशांत, तू चहा घेणार आहेस का?”

“नको सर, येतो,” सुशांत हसून म्हणाला. जाताना पुन्हा पाया पडला. सरांनी त्या दिवशी पर्पेच्युआला मोरच्या बायकोची गोष्ट सांगितली. ॲलिस किल्ल्यात भेटायला गेली आणि नवऱ्याला फाडफाड बोलली, की घरी पुस्तकं आहेत, बाग आहे, पोरंबाळं आहेत, आणि तू इथं उंदरांत येडपटासारखा बसलायस. बाकीच्या शहाण्यांनी केलं ते केलंस तर आज घरी येशील.

“मग?” पर्पेच्युआनं विचारलं.

“नाही आला.”

पर्पेच्युआ बर्फाचा खडा चोखत होती. दिवसाला तिला पाणी मोजकंच चालायचं. “बिचारी,” ती म्हणाली. कुणाबद्दल ते सरांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमलाबाई आल्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “सर, माझी दोन पोरं लग्नाची झालीत. दहा बाय बाराच्या खोलीत सून कुठं आणू? माझा नवरा नवीन घराची वाट बघत गेला. आम्ही मालनला मारलं नाही. तिच्यासाठी आम्हीपण रडलो. पण तुम्हाला पोरंबाळं नाहीत, म्हणून तुम्हाला तत्त्वं परवडतात.”

 कमलाबाई वाईट नव्हत्या. पर्पेच्युआच्या पहिल्या आजारपणात त्यांनी महिनाभर पेज पाठवली होती.

चौकशीच्या तारखेआधीचा मंगळवार. पर्पेच्युआ साडी नेसून खुर्चीत बसली होती. वेळ झाली, जिन्यात कुणाची पावलं वाजली नाहीत. सर गॅलरीत गेले. खाली मंडळाच्या कट्ट्यावर चौघांपैकी तिघं बसली होती.

“अरे, येताय ना?” सरांनी हाक मारली.

एकानं मान खाली घातली, दुसरा फोन बघत राहिला. कमलाबाईंचा धाकटा वर बघून म्हणाला, “सर, आज पाठ धरलीय.”  थोड्या वेळानं तिघंही उठून गेली.

सरांनी दारं ठोठावली. एकाला कामावर जायचं होतं, एकाला ताप होता, एका दाराला आतून कडी होती आणि आत टीव्ही चालू होता. कुणी वाकडं बोललं नाही. बोलले असते तर भांडता आलं असतं. शेवटी लालबागच्या मार्केटातून दोन हमाल आणले. ती माणसं दणकट होती, पण खुर्चीतल्या माणसाला कसं न्यायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. वळणावर मागच्याचा पाय घसरला, खुर्ची कलली आणि पर्पेच्युआचा डावा हात कठड्यावर आपटला. त्याच हातात डायलिसिसची नस तयार केलेली होती. ती किंचाळली नाही, फक्त “येशू” म्हणाली. तिला परत वर आणली. हात सुजला, त्या दिवशीचं डायलिसिस बुडालं.

बुधवारी तिला श्वास लागू लागला. पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. ॲम्ब्युलन्सची माणसं आली, जिना बघून कपाळाला हात लावला, आणि मग तिला चादरीत घालून, गाठोडं उतरवतात तशी उतरवली. चाळीची दारं किलकिली होती. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई सरांवर ओरडली, “एकही दिवस चुकवायचा नाही म्हणून किती वेळा सांगितलंय? पुढच्या वेळी इतक्यावर निभावणार नाही.”

यंत्राला जोडलेली पर्पेच्युआ अगदी एवढीशी दिसत होती. दंडापासून मनगटापर्यंत काळानिळा पट्टा. सर शेजारच्या स्टुलावर बसून राहिले. त्याच इमारतीत दोन मजले खाली लॅबमध्ये सम्यक काम करत होता, हे त्यांना माहीत होतं. ते एकदा उठलेही. लिफ्टपाशी गेले. मग वाटलं, ज्याची आई ढिगाऱ्यातून काढली त्याला जाऊन काय सांगू? माझ्या बायकोची खुर्ची उचल म्हणून? ते परत येऊन बसले.

दोन दिवसांनी चौकशी अधिकाऱ्यापुढे सर उभे राहिले. साधी खोली, पंखा, टेबलावर पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले. अधिकारी सौम्य होता, त्यानं सरांना बसायला सांगितलं. सम्यक मागच्या रांगेत होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

“आदल्या दिवशी मयत मालनबाईंनी भिंतीबद्दल साइटवर तक्रार केली, ती तुमच्यासमोर केली, असं त्यांच्या मुलाचं म्हणणं आहे. बरोबर?”

 सरांना वाटलं गप्प बसावं. मोर गप्प बसला होता. पण त्या खोलीत गप्प बसायची सोय नव्हती. अधिकारी पेन उचलून वाट बघत होता.

“आठवत नाही,” सर म्हणाले.

“तुम्ही स्वतः इंजिनिअरशी बोललात?”

“बोललो असेन कधीतरी. भिंतीबद्दल... आठवत नाही.”

“नक्की?”

“माझं वय झालंय आता.”

“ठीक आहे, सर. त्रास दिला तुम्हाला,” अधिकारी म्हणाला आणि त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्यानं उठून दार उघडून दिलं. सर मागच्या रांगेजवळून गेले. सम्यकनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तो समोरच्या पंख्याकडे बघत होता.

त्याच संध्याकाळी पर्पेच्युआला ॲम्ब्युलन्सनं घरी आणलं. शनिवारी सकाळी जिन्यात चार जोड्या पावलं वाजली. “मॅडम, सीट बेल्ट?” पोरं हसली, पण थोडी कमी. हातावरचा काळा पट्टा बघून कमलाबाईंच्या धाकट्यानं आपली बाजू बदलली, तिला लागू नये म्हणून.

पर्पेच्युआला सरांनी काही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं होतं, “सांगितलंस ना सगळं?” आणि त्यांनी “सांगितलं” म्हटलं होतं. मग एका संध्याकाळी कमलाबाई वाटीभर खीर घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “सरांनी चाळ वाचवली हो पर्पीबाय. देव त्यांचं भलं करो.” त्या गेल्या. खिरीची वाटी टेबलावर राहिली. 

“माझ्यासाठी केलंस?” तिनं विचारलं.

सरांनी खिरीची वाटी उचलून फळीवर ठेवली.

“मला एकदा विचारायचं तरी होतंस, रूपर्ट. मी काय म्हणाले असते कुणास ठाऊक. कदाचित मीपण म्हणाले असते, आठवत नाही म्हण. जगायला कुणाला नको असतं? पण मला विचारायचं होतंस. आता ती उकळलेली भाजी माझ्या घशाखाली कशी उतरायची?”

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी खुर्चीत बसायची. बसताना डोळे मिटून घ्यायची, पोरं काही बोलली तरी उघडायची नाही. घरात पूर्वीसारखं बोलणं राहिलं नाही. मीठ कुठे, गोळ्या घेतल्यास का, एवढंच.

अहवाल आला. जुनी जलवाहिनी, मुरलेलं पाणी, दुर्दैवी अपघात. सर तो पेपरात वाचत होते तेव्हा त्यांना रिचर्ड रिच आठवला. मोरविरुद्ध खोटी साक्ष देणारा. वर्गात त्याचं नाव आलं की सर ते चुटकीसरशी उडवायचे. पोरांना सांगायचे, तो पुढे स्वतः चॅन्सलर झाला, श्रीमंत झाला, म्हातारा होऊन अंथरुणात मेला, पण त्याला कोण ओळखतं? पोरं हसायची. आता सरांना वाटलं, आपण त्या माणसाबद्दल कधी नीट विचारच केला नाही. शपथ घेऊन घरी गेल्यावर तो जेवला असेल का, त्याच्या घरी कुणी आजारी होतं का, काहीच माहीत नव्हतं. आणि हेही कळत होतं की तसं कुणी असतं तरी मोरची मान काही परत जुळली नसती.

सुशांतला तिकीट मिळालं. पण बिल्डरच्या भागीदारांत फाटलं, दोघे एकमेकांवर कोर्टात गेले, आणि काम आपोआप थांबलं. कुणाच्या साक्षीची गरजच पडली नाही. खोदलेल्या खड्ड्यात पाणी साचून हिरवं झालं, डास झाले. दुसऱ्या टप्प्याचं नाव कुणी काढेना. कमलाबाईंच्या थोरल्यानं ठाण्यापलीकडे दिव्याला भाड्याची खोली घेतली. खुर्चीची चार पोरं तीन झाली, मग दोन आणि एक वॉचमन.

नाताळ होऊन काही दिवस झाले होते. यंत्रावर असतानाच पर्पेच्युआचं हृदय थांबलं. शेवटची काही मिनिटं सर बाहेर फार्मसीच्या रांगेत उभे होते. शिवडीच्या दफनभूमीत चाळीतले सगळे आले. कमलाबाई हुंदके देऊन रडल्या. सम्यक आला नव्हता. सरांची नजर शेवटपर्यंत फाटकाकडे होती.

उन्हाळ्यात एका रविवारी सर अंबरनाथला गेले. सम्यकनं तिकडे घर घेतल्याचं लॅबमधल्या कुणीतरी सांगितलं होतं. चौथा मजला, लिफ्ट नव्हती. दार सम्यकनंच उघडलं. क्षणभर दोघेही उभे राहिले. मग तो बाजूला झाला. “या सर.”

आत तथागतांची तसबीर होती, बाबासाहेबांची होती, आणि त्यांच्याखाली मालनचा फोटो, कुणाच्या तरी लग्नातला, हसरा. सम्यकची बायको नम्रता पाणी घेऊन आली. सरांनी ग्लास हातात धरला आणि येताना सगळ्या वाटेत जुळवलेलं वाक्य बोलून टाकलं.

“सम्यक, मी खोटं बोललो. मला सगळं आठवत होतं. सगळं आठवतंय. मी आता येतो तुझ्याबरोबर. जिथे सांगायचं तिथे सांगतो, लिहून देतो. पर्पी गेली. आता मला कशाची भीती नाही.”

सम्यक खाली बसला. “सर, फाइल बंद झाली.”

“उघडता येत असेल.”

“वकिलाला विचारलं होतं मी. साक्षीदारानं पहिल्यांदा आठवत नाही सांगितलं आणि वर्षानं आठवलं, तर समोरचा वकील त्याला पाच मिनिटांत झोपवतो म्हणाला. इंजिनिअर दुबईला गेला. ते मेलेले दोन मजूर कुठल्या गावचे हे अजून कळलं नाही. मी रजा काढून काढून थकलो. आता नको.”

“मग मी काय करू?” सरांनी विचारलं. इयत्ता नववीतल्या पोरानं विचारावं तसं.

सम्यकनं त्यांच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. रागानं नाही. “मॅडमची खुर्ची पोरांनी उचलायची सोडली, हे मला त्याच दिवशी कळलं होतं, सर. मंगळवारी बेड रिकामा होता, आमच्याकडे कळतं. बुधवारी त्यांचं रक्त तपासायला माझ्याकडेच आलं. पोटॅशियम एवढं चढलेलं बघून मी हादरलो. मी वर आलो होतो. तुम्ही स्टुलावर बसला होता, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं, सर हाक मारतील. पाच मिनिटं उभा होतो दारात.” त्यानं सरांच्या हातातला ग्लास घेऊन खाली ठेवला. “मी उचलली असती, सर. रोज उचलली असती. दोन मित्र होते माझे. आईसाठी तर उचललीच असती, पण तशीसुद्धा उचलली असती.”

“मला लाज वाटली,” सर म्हणाले.

“हो. ते कळलं मला.”

“मग तू का नाही आलास आत?”

सम्यकनं मालनच्या फोटोकडे बघितलं. “मला वाटलं होतं, माझ्याशिवायही तुम्ही मोडणार नाही. तुम्हीच शिकवलं होतं तसं.”

आतून चहा आला. सरांनी घेतला. नम्रतानं बिस्किटं पुढे केली, त्यांनी एक उचललं आणि हातातच ठेवलं. रस्त्यावर कुणीतरी आइस्क्रीमची घंटा वाजवत गेलं. सरांच्या लक्षात आलं की आपण उठेपर्यंत ही दोघं अशीच बसून राहतील, कारण घरी आलेल्या शिक्षकाला ऊठ म्हणायचं नसतं.

ते उठले. सम्यकही उठला आणि पायांत चपला सरकवल्या.

“राहू दे. जाईन मी.”

“जिन्यात लाइट नाही, सर. चला.”

त्यानं सरांचा कोपर धरला. भर दुपारी तो जिना अंधारा होता. एकेक मजला उतरताना तो सांगत होता, इथे वळण आहे, इथे फरशी फुटलीय, आता शेवटच्या चार राहिल्या. त्याची पकड लॅबवाल्यांची असते तशी होती, हलकी आणि पक्की. सरांना तो हात झटकून टाकावासा वाटत होता, आणि पुढची पायरी दिसत नसल्यामुळे तो झटकता येत नव्हता.

खाली त्यानं रिक्षा थांबवली. “स्टेशन. बाबांना नीट ने रे,” रिक्षावाल्याला म्हणाला. सर आत बसले. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सम्यक तोवर वळला होता आणि अंधाऱ्या जिन्यात शिरला होता.